गुरुऋण फेडणारा योगी : स्वामी कुवलयानंद

आषाढ शुद्ध पौर्णिमा ही व्यासपौर्णिमा. या दिवशी घरोघरी गुरुपूजन होते. फुले वाहिली जातात, दक्षिणा ठेवली जाते. परंतु गुरूंनी दिलेल्या विद्येचे ऋण केवळ पूजेने फिटते काय? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या सबंध आयुष्याने दिले, त्या स्वामी कुवलयानंदांचे पुण्यस्मरण आज आम्ही करीत आहोत.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. गुजरातेतील डभोई येथे ३० ऑगस्ट १८८३ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती, पण बुद्धी तल्लख. १९०३ साली संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. देशसेवेसाठी आजन्म ब्रह्मचर्य पाळण्याचे व्रत त्यांनी तरुणपणीच घेतले. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी देशी व्यायामविद्या आत्मसात केली आणि पुढे खानदेशात अंमळनेर येथे अध्यापन केले.

१९१९ साली नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांची भेट झाली आणि त्यांच्या जीवनाला निराळीच दिशा लाभली. वयोवृद्ध माधवदासजींनी या शिष्याला योगातील गूढ क्रियांची दीक्षा दिली. शरीर कमावलेल्या तरुणास श्वासाचे सूक्ष्म सामर्थ्य येथे उमगले.

येथेच त्यांच्यापुढे खरा पेच उभा राहिला. गुरुमुखातून लाभलेली विद्या गुप्त राखावी, असा परंपरेचा संकेत. उलट, आधुनिक विद्या शिकलेली पिढी योगाला थोतांड समजून हसत होती. विद्या झाकून ठेवावी, तर ती लोपणार. उघडी करावी, तर तिची विटंबना होण्याचे भय. आणि प्रयोगात ती उणी ठरली तर? श्रद्धावंताला याहून कठीण कसोटी कोणती असू शकेल!

स्वामीजींनी कसोटीचाच मार्ग पत्करला. १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रिया क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने तपासल्या. नौली करताना मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणूनच बस्तीच्या वेळी पाणी आत खेचले जाते, असे त्यांना दिसून आले. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले. प्रयोगशाळेतील ही गुरुपूजाच नव्हे काय?

१९२४ साली लोणावळ्यास त्यांनी ‘कैवल्यधाम’ स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. एका बाजूस प्रयोग, दुसऱ्या बाजूस प्राचीन ग्रंथांचा अभ्यास आणि तिसऱ्या बाजूस रोग्यांची सेवा, असे तेथील कार्य चाले. प्राणायामाने शरीरास प्राणवायूचा मोठा साठा मिळतो, ही लोकप्रिय समजूतही त्यांनी तपासल्यावाचून स्वीकारली नाही. प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेवरील ताब्यात व मनाच्या स्थैर्यात आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. योगाची थोरवी वाढविण्यासाठी असत्याचा आधार घेणे त्यांना मान्य नव्हते. १९२७ साली प्रकृती बिघडली असता महात्मा गांधींनीही त्यांच्याशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला होता.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींनी देह ठेवला. त्यांनी लावलेला वृक्ष मात्र लोणावळ्यास आजही उभा आहे.

आपल्याकडे संध्येच्या आरंभी प्राणायाम करण्याची परिपाठी आहे. पुष्कळदा नाकाला बोटे लावण्यापुरताच तो उरतो. श्वास आत येताना व बाहेर जाताना चित्त तेथे असावे, एवढे जरी साधले तरी त्या आचमन-प्राणायामात प्राण येईल. मात्र दीर्घ कुंभकासारख्या क्रिया जाणत्या गुरूच्या देखरेखीवाचून कोणी करू नयेत. पुस्तक वाचून असले धाडस केल्यास अपायच संभवतो.

श्रद्धेने ग्रहण करावे, प्रामाणिकपणे पडताळावे आणि शुद्ध स्वरूपात पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, हीच खरी गुरुदक्षिणा होय. खरे सोने अग्नीला भीत नाही. स्वामीजींनी गुरूंची विद्या अग्नीत घातली, ती तिच्यावर पूर्ण विश्वास होता म्हणूनच. आजच्या पुण्यदिनी त्या ज्ञानयोग्याच्या चरणी आमचे विनम्र अभिवादन!