बोटीने महाडला: प्रवासाची तयारी आणि पाण्याचा प्रश्न

शिडाच्या लहान होडीतून बाणकोटहून गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे ठरले, तर सामानाच्या यादीत सर्वात वर काय लिहावे? शीड, दोर, नांगर, होकायंत्र, औषधांची पेटी ही नावे पटकन सुचतात. वैद्यकाच्या दृष्टीने पहिले नाव गोड्या पाण्याचे. उन्हात काम करणाऱ्या माणसाला पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी मिळून दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी धरावे लागते. तिघे जण आणि ८ दिवस, म्हणजे जवळजवळ १०० लिटर. वारा पडला किंवा ठरलेले बंदर गाठता आले नाही तर, म्हणून वर आणखी तिसरा हिस्सा. शिवाय हे सगळे एकाच पिंपात भरायचे नाही. एक फुटले तर दुसरे हवे.

चहूकडे पाणी असताना एवढा भार कशाला, याचे उत्तर मूत्रपिंडांत आहे. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. माणसाची मूत्रपिंडे इतकी खारट लघवी तयार करू शकत नाहीत. त्यामुळे पोटात गेलेले मीठ बाहेर टाकण्यासाठी, प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्च होते आणि ते शरीरातल्या पेशींतून ओढले जाते. खारे पाणी पिऊन तहान भागत नाही, वाढते.

सावित्री नदीकाठी राहणाऱ्यांना खारे-गोडे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूरवरून खाली येणारी नदी गोड्या पाण्याची. महाडच्या खाली दासगावकडे भरतीचे पाणी चढते आणि तिथून बाणकोटपर्यंत खाडीच. रस्ते नव्हते तेव्हा मुंबईची माणसे आणि माल याच खाडीने वर येत. १९२७ च्या डिसेंबरात या वाटेने दासगावला एक बोट आली. प्रवास एका रात्रीच्या मुक्कामाचा, पण त्याची तयारी मोठ्या सफरीसारखी करावी लागली होती. वाटेत पाणी मिळेल, वाहन मिळेल, दुकानातून पीठ-मीठ मिळेल, यांपैकी काहीच गृहीत धरता येत नव्हते. ती तयारी ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा अनुभव लहानपणापासूनचा होता.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. घराणे मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे, म्हणजे सावित्रीच्या खाडीपलीकडच्या मुलखातले. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीला आणि मग साताऱ्याला राहिले. १९०१ च्या सुमारास रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. तिथे तलाव खणला जात होता. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळवले. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे अशी मुले आगगाडीने मसूरला उतरली.

तयारी झाली नव्हती असे नाही. नवे कपडे होते, भरपूर फराळ होता, गाडीभाड्याला पैसे होते. वडिलांना आधी पत्रही टाकलेले होते, पण नोकराच्या विसराळूपणामुळे ते त्यांच्या हातात पडलेच नाही आणि स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत असे कळल्यावर एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण राजी झाला, तोही एका अटीवर: गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने चालणार. निघेपर्यंत संध्याकाळ झाली.

रात्री खायला बसले तेव्हा पाण्याची आठवण झाली. जवळच्या डबक्यात चिखल, शेण आणि जनावरांचे मूत कालवलेले होते. वासानेच मुले मागे आली आणि फराळाचे डबे तसेच बंद केले. मध्यरात्री जकातनाक्यावर पाणी मागून पाहिले, तेही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मुले वडिलांकडे पोचली, तोवर घशाखाली पाण्याचा घोट गेला नव्हता.

ही रात्र वैद्यकाच्या चष्म्यातून पाहण्यासारखी आहे. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली, की मेंदूच्या तळाशी असलेले हायपोथॅलॅमस तहानेचा इशारा देते. त्याच वेळी एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते, म्हणून लघवी कमी आणि गडद होते. लाळ आटते, कोरडा घास गिळवत नाही. भूक असून डबे का मिटले, त्याचे हे शरीरातले कारण. वजनाच्या २ टक्के पाणी कमी झाले की डोके दुखते, चित्त लागत नाही. लहान मुलांच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त असते, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर सुकतात. डबक्यातले पाणी न पिण्याचा मुलांचा निर्णय मात्र अचूक होता. पटकी, हगवण आणि विषमज्वर अशाच पाण्यातून येतात, आणि रस्त्यात मुलाला जुलाब लागले असते तर उरलेले पाणीही शरीरातून गेले असते.

पुढचे शिक्षण सर्वांना ठाऊक आहे. एल्फिन्स्टन कॉलेज, १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. समुद्रप्रवास अनेक झाले. १९१७ मध्ये परतताना त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने येत होते. महायुद्धात ते जहाज पाणबुडीच्या माऱ्याने बुडाले आणि जमवलेली पुस्तके तळाला गेली. १९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन मुंबईला आले.

त्याच वर्षी बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर होता, तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये परिषद भरली. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून माणसे खांद्याला भाकऱ्यांची गाठोडी अडकवून चालत आली. त्यांत मिसरूड न फुटलेली मुले होती आणि सत्तरीचे म्हातारेही. भाकरी बरोबर आणता आली, पाणी कुठून आणणार? मार्च महिना, कोकणातला दमट उन्हाळा. अशा हवेत घाम वाळत नाही, तरी पाणी जातच राहते. परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. पाण्याने भरलेले तळे हाकेच्या अंतरावर असताना! दुसऱ्या दिवशी सारे मिरवणुकीने तळ्यावर गेले, आंबेडकरांनी पाणी घेतले आणि मग बाकीच्यांनी. त्यानंतर जमावाने हल्ला केला. वीसेक जण जबर जखमी झाले.

पुढे तळ्याचे शुद्धीकरण झाले. १०८ घागरी पाणी बाहेर काढून त्यात दूध, दही, शेण आणि गोमूत्र घालून ते पुन्हा तळ्यात सोडण्यात आले. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध होते, हे कोणत्याही सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात बसणार नाही. पिण्याच्या पाण्याची तपासणी आजही ज्या जंतूसाठी केली जाते, तो विष्ठेतूनच येतो. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरचा सत्याग्रह ठरला तेव्हा गाफील राहून चालणार नव्हते. परिषदेच्या मांडवाला जागा कोणी देईना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. महाडचे व्यापारी माल विकणार नाहीत हे दिसत होते, म्हणून धान्य बाहेरगावी खरेदी करून आधीच साठवले. ही व्यवस्था अनंतराव चित्रे यांच्याकडे होती. राहता राहिला मार्ग. धरमतरची वाट जवळची होती, पण धरमतरला उतरल्यावर मोटारींवर अवलंबून राहावे लागे. मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला तर पुढचे चाळीसेक मैल पायी. मसूरच्या स्टेशनवर जे घडले तेच दोनशे माणसांचे झाले असते. म्हणून लांबचा, पण कोणाच्या मर्जीवर न अडणारा समुद्रमार्ग निवडला गेला.

२४ डिसेंबरला सुमारे २०० जणांसह आंबेडकर मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले. रात्रीचा मुक्काम हरिहरेश्वरला झाला. दुसऱ्या दिवशी बोटीने बाणकोटच्या खाडीतून वर जाऊन दुपारी साडेबाराच्या सुमारास दासगाव गाठले. तिथे सुमारे ३००० सत्याग्रही वाट पाहत होते. पुढचे ५ मैल रांगा करून चालत.

इतकी तयारी होऊनही तळ्याचे पाणी त्या वेळी प्यायले गेले नाही. १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला होता. चर्चा झाली, बरेच जण तुरुंगात जायला तयार होते, तरी आंबेडकरांनी निकालापर्यंत थांबायचे ठरवले. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरले आणि परतले. तहान लागलेल्या माणसाला पाण्याकाठून परत न्यायला किती शिस्त लागत असेल, याचा विचार फारसा होत नाही. खटला तब्बल दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल कायम केला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोरे योजनेची पायाभरणी आणि १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयनाचा केंद्रीय आयोग हे त्या काळातले काम. त्यांच्या चरित्रांत हे प्रकरण दोन-चार पानांत उरकले जाते, ते अन्यायाचे आहे. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जी राज्यघटना घडवली, तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांची नावे घेऊन, ते वापरताना कोणालाही अडवता येणार नाही असे लिहिलेले आहे.

घटनेचे काम चालू होते तेव्हा शरीर साथ देत नव्हते. मधुमेह जुना होता, पायांच्या नसा दुखत, रात्री झोप लागत नसे. इन्सुलिन घ्यावे लागे. साखर वाढली की ती लघवीवाटे पाणी ओढून नेते आणि घसा सतत कोरडा पडतो. १५ एप्रिल १९४८ ला त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. नंतर सविता आंबेडकर म्हणून ओळखल्या गेलेल्या या डॉक्टर पत्नीने त्यांचे पथ्यपाणी आणि औषधे सांभाळली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झोपेतच त्यांचे निधन झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले आणि दुसऱ्या दिवशी दादरला समुद्राकाठी अंत्यसंस्कार झाले.