गोंयचो सायब

आईचे बोट धरून चालण्याचे माझे वय केव्हाच सरले आहे. तरी २१ नोव्हेंबर २०२४ रोजी जुन्या गोव्याच्या गर्दीत मी तिचा हात घट्ट धरला होता. बॉम जेझू चर्चमधून सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेले जात होते. अंतर हाकेचे, पण त्यासाठी माणसे कोठून कोठून आली होती! दर दहा वर्षांनी हे दर्शन घडते. काचेच्या पेटीपुढे झगे घातलेले धर्मगुरू सावकाश चालत होते आणि दुतर्फा माणसांची भिंत उभी होती. मला आमच्या गावच्या जत्रेतली पालखी आठवली. आम्ही हिंदू, पण आमच्या सावंतवाडीकडच्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही घरी त्यांचे नाव ‘गोंयचो सायब’. मी बारावी झालो तर दर्शनाला येईन, असे आईने बोलून ठेवले होते. ती काजूच्या कारखान्यात कामाला जाते, तिला अक्षरओळख नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

परतल्यावर प्रश्न पडला, हा माणूस होता तरी कोण? महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून जे वाचले, ते येथे मांडतो.

झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनलगतच्या नाव्हार राज्यात, हाव्हिएरच्या गढीत झाला. ते लहान असतानाच राज्य बुडाले, वडील वारले आणि गढीचे बुरूज पाडले गेले. पडत्या काळातल्या त्या घराची आशा या धाकट्या मुलाच्या शिक्षणावर होती. १५२५ मध्ये ते पॅरिस विद्यापीठात गेले, पदवी घेऊन तत्त्वज्ञान शिकवू लागले. मान, पैसा, पद, सारे समोर दिसत होते. पण एकाच खोलीत राहणाऱ्या पीटर फाबर आणि इग्नेशियस लोयोला या सोबत्यांनी त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतले. त्यातूनच पुढे जेझुइट संघ उभा राहिला.

७ एप्रिल १५४१ रोजी, वाढदिवशीच, त्यांनी लिस्बन सोडले. वर्षाहून अधिक काळ प्रवास करून ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. इस्पितळातल्या रोग्यांची सेवा करावी, कैद्यांना भेटावे, रस्त्यात घंटा वाजवून मुले गोळा करावीत, असा त्यांचा दिनक्रम होता. पुढे ते दक्षिणेकडच्या मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांत गेले. तमिळ येत नव्हते; दुभाष्यांकडून प्रार्थना भाषांतरित करवून त्यांनी त्या तोंडपाठ केल्या. प्रमाण मराठी बोलताना आजही अडखळणाऱ्या मला हे वाचून धीर आला. १५४४ च्या एका पत्रात त्यांनी युरोपातल्या विद्वानांविषयी खंत केली आहे. विद्यापीठांत जाऊन वेड्यासारखे ओरडावे आणि ज्ञान नुसते साठवू नका, उपयोगी लावा, असे सांगावे, असे त्यांना वाटे. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ मध्ये जपान, असा त्यांचा प्रवास चालूच राहिला. चीनमध्ये शिरण्याच्या इच्छेने ते सांचियान बेटावर थांबले, पण पलीकडे नेणारे गलबत मिळाले नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, तापाने त्यांचा अंत झाला. जवळ होता तो गोव्याच्या कॉलेजात शिकलेला आंतोनियो नावाचा चिनी तरुण. चुन्यात पुरलेला देह काही आठवड्यांनी उकरला तेव्हा शाबूत आढळला, असे सांगतात. मलाक्कामार्गे तो १५५४ मध्ये गोव्यात आला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

येथेच थांबलो असतो तर माझे काम सोपे झाले असते. पण १५४६ मध्ये याच झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन हवे असे कळविले होते. ते न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आले आणि १८१२ पर्यंत टिकले. धर्म बदललेल्यांनी जुने रीतिरिवाज पाळले म्हणून तेथे त्यांना शिक्षा होत. त्याच शतकात लोकांनी आपले देव नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. रोग्यांच्या उशाशी बसणारा माणूस असे पत्र कसे लिहितो? त्या काळची समजूतच तशी होती, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आपलेच सत्य खरे, अशी खात्री झाली की करुणावान माणसालाही दुसऱ्याचे दुःख दिसेनासे होते, एवढेच मी समजलो.

हे सारे मी आईला सांगितले. ती चुलीपुढे बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले, पत्राचा भाग पुन्हा सांगायला लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, पुढच्या दर्शनाला दहा वर्षे, तोवर तू कोणत्या कामाला लागशील? झेवियर यांनी विद्यापीठांना जे विचारायचे ठरविले होते, तेच तिने मला विचारले. उत्तर मला अजून द्यायचे आहे.