बालकांचे न्यायासन : डॉ. यानुश कोर्चाक यांचे चरित्र

घरात दोन मुले असली की तंटा आलाच. पाटी कोणाची, खिडकीजवळची जागा कोणाची, पहिला धक्का कोणी दिला, असल्या फिर्यादी दिवसातून दहा वेळा आईच्या पदराशी येतात. हाती काम असलेली आई धाकट्याला जवळ घेते, थोरल्याला दटावते आणि प्रकरण मिटले असे समजते. वस्तुतः ते मिटलेले नसते. थोरल्याच्या मनात अन्यायाचा सल राहतो व रडल्याने कार्य साधते हा धडा धाकटा शिकतो. या नित्याच्या प्रश्नाकडे ज्याने आयुष्यभर गांभीर्याने पाहिले, अशा एका परदेशस्थ थोर पुरुषाची ओळख आपल्या ज्ञातिबंधुभगिनींस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यानुश कोर्चाक हे त्यांचे लेखनासाठी घेतलेले नाव. मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. पोलंडमधील वॉर्सा नगरीत १८७८ च्या सुमारास एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील नामांकित वकील होते. परंतु त्यांना मनोविकार जडला आणि १८९६ मध्ये ते निवर्तले. घराला ओढग्रस्त आली. कोवळ्या वयातच हेन्रिकला शिकवण्या करून संसारास हातभार लावावा लागला. पुढे ते वैद्यकशास्त्राचे पदवीधर झाले व बालरुग्णालयात काम करू लागले. चांगला चाललेला व्यवसाय आणि लेखक म्हणून मिळालेली कीर्ती असूनही त्यांचे मन निराळ्याच गोष्टीकडे ओढ घेत होते. १९१२ मध्ये क्रोख्मालना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी नवे वसतिगृह उघडले, तेव्हा त्यांनी त्याची धुरा स्वीकारली. स्तेफानिया विल्चिन्स्का या कर्तव्यदक्ष विदुषी त्यांच्या सहकारी होत्या. कोर्चाक अविवाहित राहिले. तेथील शंभरएक मुले हाच त्यांचा संसार झाला.

शंभर मुले एका छपराखाली आली म्हणजे शंभर भांडणे आलीच. प्रत्येक भांडण वडीलधाऱ्यांनी तोडावयाचे म्हटले, तर मुले एक तर चहाडखोर होतात, नाही तर मुकाट सोसणारी होतात, हे कोर्चाकांनी ओळखले. म्हणून त्यांनी मुलांचे स्वतःचे न्यायालय स्थापिले. आपल्याकडे पंचाचा मान वयाने वडील असणाऱ्यांचा. येथे तो मुलांकडे आला. ज्यांच्याविरुद्ध त्या आठवड्यात एकही फिर्याद नसे, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. फिर्याद फळ्यावरील यादीत नोंदवावी लागे; दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जात व निकाल सर्वांपुढे वाचला जाई. मोठी माणसे लेखनिकाचे काम करीत, परंतु त्यांना मत नसे.

या न्यायालयाची संहिता पाहण्यासारखी होती. पहिली नव्याण्णव कलमे निर्दोष ठरविणारी किंवा क्षमा करणारी होती. फिर्याद मागे घेतली, चूक अजाणता घडली, अपराध्याला पश्चात्ताप झाला, अशा प्रत्येक कारणास त्यात स्थान होते. पुढे शंभरशंभरांच्या पायऱ्यांनी कठोरता वाढत जाई, आणि हजारावे कलम वसतिगृहातून काढून टाकण्याचे होते. शिक्षा मुख्यत्वे शब्दांची होती. मार किंवा उपवास तीत नव्हता. अनेकदा फिर्यादीच आपण होऊन क्षमा करून मोकळा होई. राग सांगावयास जागा मिळाली, आपले कोणी ऐकून घेतले, एवढ्यानेच निम्मे भांडण शमते, हा त्यातील मर्म होय.

हे सारे सुरळीत चालले असे मात्र नाही. काही मुलांनी न्यायालयाची थट्टा मांडली, काहींनी क्षुल्लक फिर्यादींनी त्यास भंडावून सोडले, आणि काही काळ ते बंद ठेवावे लागले. कोर्चाकांनी धीर सोडला नाही. दोष दूर करून त्यांनी ते पुन्हा सुरू केले. त्यांची सर्वांत मोठी कसोटी लागली ती त्यांनी स्वतःच स्वतःवर फिर्याद केली तेव्हा. सहा महिन्यांत ते पाच वेळा न्यायालयापुढे उभे राहिले. रागाच्या भरात एका मुलाच्या कानशिलात मारली, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला, असे ते दोष होते. त्यांनी निकाल मान्य केले. आपले खरे शिक्षण त्या खटल्यांनी झाले असे ते पुढे प्रांजळपणे मानीत.

ज्या मुलाला भांडल्यावाचून राहवतच नसे, त्याच्याशी ते पैज लावीत. भांडण अजिबात सोड, असे ते म्हणत नसत. या आठवड्यात अमुक इतक्याच वेळा भांडेन, असे मुलाने ठरवावयाचे आणि पुढे तो आकडा उतरवीत न्यावयाचा. हिशेब मुलाने स्वतः सांगावयाचा. त्याच्या शब्दाची पारख केली जात नसे. जिंकल्यास खाऊ मिळे.

१९४० मध्ये जर्मन सत्तेने या वसतिगृहास वॉर्साच्या कोंडलेल्या ज्यू वस्तीत नेले. त्या उपासमारीतही जुलै १९४२ मध्ये मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. पुढील महिन्याच्या आरंभी सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आले. कोर्चाकांना सुटकेची संधी मित्रांनी देऊ केली होती; ती नाकारून ते व स्तेफानियाबाई मुलांसमवेत गेले व तेथेच त्यांचा अंत झाला.

एवढ्या मोठ्या त्यागापुढे आपण केवळ नतमस्तक व्हावे. परंतु त्यांच्या नित्याच्या कार्यातले थोडेसे आपल्या घरीही आणता येईल. उद्या दोन मुले फिर्याद घेऊन आली, तर निकाल देण्याची घाई न करता दोघांनाही पुरते बोलू द्यावे, तोड त्यांनाच काढावयास सांगावे, आणि चूक आपली असेल तर ती मुलांपुढे कबूल करावी. यातील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, आणि म्हणूनच ती प्रथम वडीलधाऱ्यांनी शिकावयाची आहे.