गिर्यारोहक पोप : पायस अकरावे

पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी पदभ्रमंती कोल्हापूरच्या तरुणांना नवी नाही. २०२२ साली कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांनी एव्हरेस्ट सर केल्यापासून तर बर्फाच्छादित शिखरांची ओढही वाढली आहे. सुटीत मनालीकडे जाऊन एखादा दिवस बर्फावर चढण्याचे प्राथमिक धडे घ्यावेत, असे अनेकांना वाटते. अशा वेळी ख्रिस्तसभेचे सुकाणू हाती घेण्यापूर्वी आल्प्स पर्वतात निष्णात गिर्यारोहक म्हणून नावाजलेल्या एका धर्मगुरूचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आकिले रात्ती यांचा जन्म ३१ मे १८५७ रोजी इटलीतील मिलानजवळच्या देझिओ या गावी झाला. त्यांचे वडील रेशीम गिरणीत व्यवस्थापक होते. १८७९ साली रोम येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८८८ पासून मिलानच्या सुप्रसिद्ध अम्ब्रोसियन ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास हे त्यांचे कार्य झाले. सुटीचे दिवस मात्र पर्वतांसाठी राखलेले असत.

बर्फावरील चढाई ही केवळ शारीरिक बळाची गोष्ट नव्हे. कुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या खोदणे, एका दोराने सर्वांनी बांधून घेणे, एकजण पुढे सरकत असताना इतरांनी पाय घट्ट रोवून उभे राहणे, हे सारे शिकावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळ ओळखावी लागते. रात्रीच्या थंडीने बर्फ आणि दगड जखडलेले असतात. ऊन चढले की ते सैल होऊन कोसळू लागतात.

मोन्ते रोझा पर्वताची पूर्वेकडील भिंत याच कारणाने कुप्रसिद्ध होती. १८८१ साली दामियानो मारिनेल्ली हे गिर्यारोहक व त्यांचे दोन वाटाडे तेथे हिमप्रपाताखाली सापडून मरण पावले होते. जुलै १८८९ च्या अखेरीस फादर रात्ती आपले मित्र फादर लुईजी ग्रास्सेल्ली आणि गादिन व प्रोमाँ या दोन वाटाड्यांसह त्याच भिंतीवर निघाले. जेथे मारिनेल्ली यांचा अंत झाला, ती धोक्याची घळ त्यांनी उजाडण्यापूर्वीच ओलांडली. ४,६३४ मीटर उंचीच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. अंधारात उतरण्याचा मोह त्यांनी टाळला. शिखराखालच्या एका अरुंद कपारीत, कडाक्याच्या थंडीत चौघांनी ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी त्सुमश्टाइन खिंड ओलांडून ते स्वित्झर्लंडच्या बाजूस उतरले. त्याच उन्हाळ्यात त्यांनी मॅटरहॉर्न, तर पुढच्या वर्षी माँ ब्लाँ ही शिखरे सर केली.

पुढे ते व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख, पोलंडमध्ये पोपमहोदयांचे राजदूत आणि १९२१ साली मिलानचे आर्चबिशप व कार्डिनल झाले. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांची पोपपदी निवड झाली व त्यांनी पायस अकरावे हे नाव धारण केले. १९२३ साली त्यांनी माँतोंचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. त्या वेळच्या आपल्या पत्रात, विवेकाने केलेले गिर्यारोहण म्हणजे अविचारी धाडस नव्हे, हे त्यांनी आवर्जून मांडले. आपण दरवर्षी ऑक्टोबरमध्ये पाळतो तो मिशन रविवारही त्यांनीच १९२६ साली सुरू केला.

हाच स्वभाव कठीण प्रसंगी उपयोगी पडला. १९३७ साली हिटलरच्या राजवटीविरुद्ध त्यांनी जर्मन भाषेत परिपत्रक लिहिले. ते गुप्तपणे छापून जर्मनीतील धर्मग्रामांत पोहोचविण्यात आले आणि झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये वाचले गेले. धोका ओळखूनच, पण पूर्ण तयारीनिशी उचललेले ते पाऊल होते. १० फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या तरुणांनी पर्वतांवर अवश्य जावे, असेच आम्हांला वाटते. मात्र आधी शिकावे, वाटाड्याचे ऐकावे आणि सोबत्याचा दोर कधीही सोडू नये. डोंगरावर माघार घेणे किंवा थांबणे यात कमीपणा नाही, हे या पोपमहोदयांचे जीवन आपणांस शिकविते.