वेगदेवतेचा नैवेद्य

‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा 2005 सालचा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. नाव ऐकून नवीन मुलांना वाटतं, हा कुणीतरी आपला भारतीय धावपटू असणार! पण यातला ‘इंडियन’ म्हणजे माणूस नाहीच, ती मोटरसायकल आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या इंडियन कंपनीने 1920 साली बनवलेली ‘स्काउट’. आणि तिचा मालक होता न्यूझीलंडचा बर्ट मन्रो. अँथनी हॉपकिन्सने त्याचं काम झकास केलंय, प्रश्नच नाही. पण सिनेमा दोन तासांत संपतो आणि बर्टचं इंजिनचं काम जवळजवळ पन्नास वर्षं चाललं होतं. मला त्या पन्नास वर्षांबद्दल लिहायचंय.

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, वर मेकॅनिकलची. त्यामुळे पिस्टनला पिस्टन आणि व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच म्हणणार, मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं. आणि बर्ट आपल्या पणजोबांच्या पिढीचा असला तरी मी त्याला ‘अरे-तुरे’च करणार. हाताला ग्रीस लागलेल्या माणसाला अहो-जाहो केलं की तो उगाच परका वाटायला लागतो.

हर्बर्ट जेम्स मन्रोचा जन्म 25 मार्च 1899चा. गाव इनव्हरकार्गिल, न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला. तो जुळा होता, पण त्याची जुळी बहीण जन्मतःच गेली. लहानपण एडेंडेल इथल्या शेतावर गेलं. वेगाचं वेड तेव्हापासूनच. घरातला सगळ्यात जोरात पळणारा घोडा काढायचा आणि शेतातून उधळायचा, वडील ओरडतायत तर ओरडू देत! पुढे ओटिरा बोगद्याच्या बांधकामावर मजुरी केली, मग परत शेती, मग मोटरसायकल विकायची आणि दुरुस्त करायची नोकरी. इंजिनिअरिंगची डिग्री नाही की डिप्लोमा नाही. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर त्याने कधी दिला नाही, त्यामुळे त्यात केटी लागायचाही प्रश्न नव्हता!

1920 साली एकवीस वर्षांच्या बर्टने ही स्काउट विकत घेतली. म्हणजे आपल्याच वयाचा होता तो. चार्ल्स फ्रँकलिन या डिझायनरने आखलेली ही गाडी, 600 सीसीचं व्ही-ट्विन इंजिन, टॉप स्पीड ताशी 55 मैल, म्हणजे सुमारे 89 किलोमीटर. त्या काळात हा चांगलाच वेग होता. पण बर्टला तो पुरेना. 1926 पासून त्याने तिचं इंजिन खोलायला सुरुवात केली आणि मग ते उघडझाप करणं आयुष्यभर थांबलंच नाही.

आता जरा टेक्निकल. (कॉम्प्युटरवाल्यांनी हा भाग ओलांडला तरी चालेल, पण वाचलात तर बरं वाटेल.) स्काउटचं मूळ इंजिन साइड व्हॉल्व्ह. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी बसवलेले. बनवायला सोपं, स्वस्त, पण आत येणाऱ्या मिश्रणाला वळसा घालून यावं लागतं आणि ज्वलनाची जागा पसरट राहते. मग कॉम्प्रेशन रेशो फार वाढवता येत नाही. बर्टने हे इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचं करून टाकलं. वर्गात आपण हे दोन डायग्राम शेजारी शेजारी काढतो आणि चार मार्क घेतो. त्याने मात्र पहिल्या आकृतीचं लोखंड घेऊन दुसरी आकृती घडवली, तीही घरी.

घरी म्हणजे अक्षरशः घरीच! पिस्टन ओतायला त्याच्याकडे फाउंड्री नव्हती. तो जुन्या पत्र्याच्या डब्यांचा साचा म्हणून वापर करायचा. धातू वितळवायचा, डब्यात ओतायचा आणि थंड झाला की त्यातून पिस्टन काढायचा. सिलिंडर बॅरल, फ्लायव्हील हेसुद्धा स्वतःच बनवलेले. कनेक्टिंग रॉड जुन्या अ‍ॅक्सलच्या पोलादातून हाताने घडवलेले. मोजमापाला मायक्रोमीटर नव्हता, तर चाकाची जुनी स्पोक त्या कामाला लावली. आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये डिजिटल व्हर्निअरची बॅटरी संपली तर आपण प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यावर ढकलतो, हे जाता जाता आठवलं.

(रेक्टर सरांनी काळजी करू नये, होस्टेलच्या गॅलरीत हा प्रयोग कुणी करणार नाही. साच्यात जराशी ओल राहिली तरी तिची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू अंगावर उडतो. मुलांनो, खरंच करू नका.)

अशा ओतकामात काय व्हायचं? जे व्हायचं तेच. धातूत हवेचे बुडबुडे राहायचे, थंड होताना कुठे जाड कुठे पातळ ताण बसायचा, आणि गाडी पळवली की पिस्टन तडकायचा, नाहीतर वितळायचा. शिवाय बर्ट इंजिन मोठं मोठं करत चालला होता. बोअर वाढला की पिस्टन जड होतो, आणि आरपीएम वाढवला की त्या जड पिस्टनला मागेपुढे ओढणारं बल आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सगळा भार कनेक्टिंग रॉडवर. तो तुटला की आपल्याबरोबर अख्खं इंजिन घेऊन जातो. बर्टच्या इंजिनाने असे कितीतरी स्फोट पाहिले. इतकं करून 1953 साली तर इंडियन कंपनीचं मूळ उत्पादनच थांबलं. स्पेअर पार्ट मागवायचा तरी कुणाकडे?

आणि इथे मला बर्ट सगळ्यात जास्त आवडतो. तुटलेले पिस्टन, रॉड, सिलिंडर त्याने भंगारात टाकले नाहीत. शेडमध्ये एका फळीवर ओळीने मांडून ठेवले आणि ती फळी म्हणजे वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे, असं त्यावर लिहून ठेवलं. वाचायला हा विनोद वाटतो. मलाही आधी हसूच आलं. पण विचार केला तर ती फळी म्हणजे त्याचं जर्नल होतं. कुठून तडा गेला, कुठे वितळला, कुठे घासला, हे सगळं त्या तुकड्यांवरच लिहिलेलं असतं. बर्टला स्ट्रेस ॲनालिसिसचं सॉफ्टवेअर नव्हतं, मटेरियल टेस्टिंगची लॅब नव्हती. त्याची लॅब ती फळी. पिस्टनचा पुढचा साचा आधीच्या तुटलेल्या पिस्टनकडे बघून बनायचा.

दिवसा नोकरी आणि रात्री इंजिन, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं. 1938 साली त्याने न्यूझीलंडचा पहिला वेगविक्रम केला, पुढे आणखी सात केले. ओरेटी बीचवरची ओली वाळू हा त्याचा ट्रॅक. पण या सगळ्याची किंमतही होती आणि ती लपवून नुसतं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. त्याला बायको होती, चार मुलं होती. संसार टिकला नाही. 1940च्या दशकाच्या अखेरीस घटस्फोट झाला, त्याने नोकरी सोडली आणि गाड्यांबरोबर एका गॅरेजमध्येच राहायला लागला. वेड असावं, असं आपण भाषणात टाळ्या घेत म्हणतो. पण त्या वेडाचं बिल बऱ्याचदा घरातली बाकीची माणसं भरतात. त्या चार मुलांना त्या काळात काय वाटलं असेल, हा प्रश्न मला सिनेमा संपल्यावरही सोडत नाही.

बॉनव्हिल हे अमेरिकेतल्या युटाह राज्यातलं मिठाचं मैदान. मैलोन्‌मैल सपाट, पांढरं. जगातले वेगवेडे लोक तिथे जमतात. सिनेमात बर्ट एकाच फेरीत तिथे जातो आणि बाजी मारतो. प्रत्यक्षात तो तिथे दहा वेळा गेला! पहिल्यांदा नुसता बघायला, आणि पुढच्या नऊ वेळा पळवायला. इनव्हरकार्गिलहून गाडीसकट समुद्र ओलांडून, खिशात मोजके पैसे आणि छातीत हृदयाचं दुखणं घेऊन.

इथे पुन्हा थोडं गणित. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे. ताशी 89 किलोमीटरवरून 296वर जायचं म्हणजे वेग 3.33 पट, आणि आकार तोच ठेवला तर पॉवर लागणार सुमारे 37 पट. त्या म्हाताऱ्या इंजिनातून एवढी पॉवर काढणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याने गाडीला माशासारखं निमुळतं कवच चढवलं आणि त्यात स्वतः पालथा पडून गाडी चालवली. एकीकडे पॉवर वाढवायची, दुसरीकडे गरज कमी करायची. दोन्ही बाजूंनी समीकरण सोडवायचं.

1962 साली इंजिन 850 सीसीवर नेऊन त्याने 883 सीसीच्या गटात ताशी 178.95 मैलांचा जागतिक विक्रम केला. 1966 साली 920 सीसी करून वरच्या गटात 168.07 मैल. आणि 1967 साली 950 सीसी. तेव्हा बर्ट 68 वर्षांचा आणि गाडी 47 वर्षांची. पात्रतेच्या फेरीत एका दिशेने तिने ताशी 190.07 मैल गाठले, म्हणजे जवळजवळ 306 किलोमीटर. विक्रम मात्र दोन्ही दिशांच्या फेऱ्यांच्या सरासरीवर ठरतो, कारण वाऱ्याचा फायदा एकाच बाजूने मिळू शकतो. ती सरासरी नोंदली गेली 183.59 मैल.

या आकड्याची एक गंमत आहे. 2014 साली बर्टच्या मुलाच्या लक्षात आलं की सरासरी काढताना हिशेब चुकलाय. अमेरिकन मोटरसायकल असोसिएशनने तपासलं आणि आकडा 184.087 मैल असा दुरुस्त केला. बाप जाऊन 36 वर्षं झाल्यावर मुलाने त्याच्या खात्यात अर्धा मैल जमा केला! वडिलांच्या वेडापायी ज्या घराने सोसलं, त्या घरातल्या मुलाने इतक्या वर्षांनी त्यांचे आकडे पुन्हा मोजायला घ्यावेत, हे वाचून मला बरं वाटलं. नात्यातलंही काहीतरी दुरुस्त होत असावं.

1977 साली बर्टला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय पूर्वीसारखे साथ देईनात. तेव्हा त्याने आपल्या गाड्या गावातल्याच ओळखीच्या दुकानदाराला विकल्या. का, तर त्या आपल्या भागातच राहाव्यात म्हणून. 6 जानेवारी 1978ला तो गेला. स्काउट इनव्हरकार्गिलमधल्या हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात लोकांना पाहायला ठेवली गेली. खिळे, पाने, स्क्रू विकणाऱ्या दुकानात एक जागतिक विक्रम उभा! म्युझियमपेक्षा ही जागा बर्टला जास्त शोभते, असं माझं मत. 2006 साली अमेरिकन मोटरसायकल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं.

त्याच्यासारखं आयुष्य आपण जगावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण एक गोष्ट आपल्याला आजपासून जमण्यासारखी आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये बिघडलेला जॉब कोपऱ्यातल्या डब्यात जातो आणि जर्नलमध्ये फक्त जमलेल्या जॉबचं चित्र येतं. तुटलेला शाफ्ट, फुटलेलं कास्टिंग, जळलेली मोटर, यांची आठवण कुणी ठेवत नाही. त्यामुळे दर वर्षीची बॅच तेच सगळं नव्याने तोडते. माझी वर्कशॉपच्या सरांना आणि सगळ्या टीम्सना विनंती आहे की लेथच्या मागच्या भिंतीवर एक फळी ठोकू या. तुटलेला प्रत्येक भाग तिथे ठेवायचा. खाली चिठ्ठी लावायची: तारीख, काय करत होतो, कुठून तुटला, आणि का तुटला असं वाटतं. ज्याने तोडला त्याचं नाव नको, म्हणजे कुणी लाजून लपवणार नाही. फळीला काय नाव द्यायचं ते मात्र ठरलेलंच आहे!