चुकीच्या उत्तरांचा अभ्यास करणारा माणूस

तुमच्या घरी चार-पाच वर्षांचा लहान भाऊ आहे का? असेल तर एक गंमत करून पाहा. अगदी सारखे दोन पेले घ्या. दोन्हींत सारखे पाणी भरा आणि पाणी सारखे आहे का, ते त्याला विचारा. तो हो म्हणेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच आणि अरुंद पेल्यात ओता. पुन्हा तेच विचारा. बहुधा तो सांगेल, की उंच पेल्यात पाणी जास्त आहे. तुम्हांला हसू येईल. पण जगात एक विद्वान असे होऊन गेले, की ते अशा उत्तराला हसले नाहीत. ते उत्तर त्यांनी वहीत लिहून घेतले आणि मूल असे का म्हणते, याचा आयुष्यभर विचार केला. त्यांचे नाव जीन पियाजे.

पियाजे यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशाटेल या गावी झाला. वडील प्राध्यापक होते. लहानपणापासून जीनला पशुपक्ष्यांचा फार नाद. एकदा बागेत त्याला अंगावर पांढरी पिसे असलेली चिमणी दिसली. त्याने तिच्याविषयी एक लहानसे टिपण लिहिले आणि १९०७ साली ते निसर्गप्रेमींच्या एका मासिकात छापूनही आले. तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता, म्हणजे तुमच्यापेक्षा लहानच!

गावात एक संग्रहालय होते. तेथील प्रमुख पॉल गोदे यांच्याकडे जीन आठवड्यातून दोनदा जाऊ लागला. गोगलगाईंचे शंख ओळखायचे, त्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या, हे त्याचे काम. १९११ साली गोदे वारले. पण तोपर्यंत मुलगा इतका तयार झाला होता, की तो शंखांवर लेख लिहू लागला. लेख वाचून जिनिव्हाच्या संग्रहालयातून त्याला नोकरीविषयी पत्र आले. लेखक अजून शाळेतच शिकतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. शाळा पुरी व्हायची होती, म्हणून त्याने नम्रपणे नकार कळवला.

याच सुमारास त्यांच्या घरी आणखी एक पत्र आले. ते जीनला लहानपणी सांभाळणाऱ्या दाईचे होते. जीन दोन वर्षांचा असताना पॅरिसमध्ये एका माणसाने त्याला पळवण्याचा प्रयत्न केला आणि दाईने त्याला वाचवले, अशी हकिकत घरात सर्वांना माहीत होती. बक्षीस म्हणून तिला घड्याळही दिले होते. जीनला तर तो प्रसंग स्पष्ट आठवत होता. दाईच्या तोंडावरचे ओरखडेसुद्धा डोळ्यांसमोर येत. पत्रात दाईने कबूल केले, की ती सारी हकिकत खोटी होती. तिने घड्याळही परत केले. विचार करा, जे कधी घडलेच नाही, ते जीनला आठवत होते! लहानपणी ऐकलेल्या गोष्टीवरून त्याच्या मनाने ते चित्र तयार केले होते.

१९१८ साली पियाजे यांना डॉक्टरेट मिळाली. विषय अर्थातच शंखांचे प्राणी. पण आता त्यांना माणसाच्या मनाची ओढ लागली होती. १९१९ साली ते पॅरिसला गेले. तेथे शाळकरी मुलांची बुद्धी मोजण्याच्या चाचण्या तयार होत होत्या. मुलांना प्रश्न विचारायचे आणि बरोबर उत्तरे मोजायची, एवढेच काम पियाजे यांच्याकडे होते. काम कंटाळवाणे होते. पण लवकरच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. एकाच वयाची मुले एकाच प्रकारच्या चुका करत होती! मग या चुका निष्काळजीपणाच्या कशा असतील? पियाजे मुलांशी गप्पा मारू लागले. तुला असे का वाटते, असे ते प्रत्येकाला विचारू लागले.

खरे सांगायचे तर, शिक्षक झाल्यावर पहिली दोन वर्षे मीही चुकीच्या उत्तरावर लाल रेघ मारून पुढे जात असे. बी.एड.च्या अभ्यासात पियाजे यांचे नाव पाठ केले होते. पण वर्गात ते आठवायला वेळ लागला.

१९२१ साली पियाजे जिनिव्हाच्या रूसो संस्थेत काम करू लागले. १९२३ साली त्यांचा विवाह व्हॅलेंटाइन यांच्याशी झाला. त्यांना जॅकलिन, ल्यूसिएन आणि लॉरां अशी तीन मुले झाली. आईवडील दोघेही मुलांच्या बारीकसारीक हालचालींची नोंद ठेवत. बाळासमोरचे खेळणे कापडाखाली झाकले, की बाळ ते शोधतच नसे. खेळणे जणू जगातूनच नाहीसे झाले! काही महिन्यांनी तेच बाळ कापड ओढून खेळणे काढू लागे.

गोट्या खेळणाऱ्या मुलांमध्येही पियाजे जाऊन बसत आणि खेळाचे नियम कोणी केले, ते विचारत. लहान मुलांना वाटे, की नियम मोठ्या माणसांनी पूर्वीच करून ठेवले आहेत, ते बदलता येत नाहीत. दहा-बारा वर्षांची मुले मात्र सांगत, की सगळ्यांचे एकमत झाले तर नियम बदलू. तुमच्या गल्लीतही असेच होते की नाही?

अशा अभ्यासातून पियाजे यांनी मांडले, की मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच वेगळी असते आणि ती टप्प्याटप्प्याने बदलते. पहिली दोन वर्षे ते हातांनी आणि डोळ्यांनी जग समजून घेते. मग सातव्या वर्षापर्यंत जसे दिसते, तसेच ते मानते. म्हणून पाणी उंच दिसले की जास्त! त्यानंतर ते ओतलेले पाणी मनात परत ओतून पाहू शकते. अकरा-बाराव्या वर्षापासून, म्हणजे तुमच्या वयात, न पाहिलेल्या गोष्टींवरही तर्क चालवता येतो. बीजगणितातला क्ष आता तुम्हांला कळतो, तो यामुळेच.

पियाजे यांचे सगळेच म्हणणे टिकले असे नाही. १९८० नंतरच्या प्रयोगांत दिसले, की चार-पाच महिन्यांच्या बाळालाही झाकलेल्या वस्तूची काहीशी जाणीव असते. शिवाय त्यांचे टप्पे किशोरवयाशी थांबतात. तारुण्य आणि म्हातारपण यांतही माणूस बदलत राहतो, हे एरिक एरिक्सन यांनी १९५० साली आपल्या आठ टप्प्यांत दाखवले.

पियाजे स्वतः मात्र म्हातारपणीही थांबले नाहीत. डोक्यावर टोपी, तोंडात पाइप आणि सायकलवर स्वार, असे ते जिनिव्हात फिरत. सत्तरीच्या घरातही ते रोपांच्या वाढीवर लिहीत होते. १६ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जिनिव्हातच त्यांचे निधन झाले.

आणि हो, पाण्याचा तो प्रयोग केलात तर भावाचे उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. तो सात-आठ वर्षांचा झाला, की त्याला पुन्हा विचारा आणि त्याचे जुने उत्तर त्यालाच वाचून दाखवा. ते आपलेच उत्तर आहे, यावर तो मुळीच विश्वास ठेवणार नाही.