संकरित कापसाचे जनक डॉ. चंद्रकांत पटेल

व्यापारी तत्त्वावर लागवडीस आलेले जगातील पहिले संकरित कापूस वाण सुरतेच्या भूमीत जन्मले. १९७० साली प्रसारित झालेल्या या ‘संकर-४’ वाणाचे जनक डॉ. चंद्रकांत पटेल होत. त्यांचा जन्म १९१७ मध्ये खेडा जिल्ह्यातील सरसा या गावी झाला. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात त्यांनी ‘गुजरात-६७’ आणि ‘अमेरिकन नेक्टरिलेस’ या दोन वाणांचा संकर साधला.

कापसाच्या फुलात स्वपरागण होते. त्यामुळे संकरित बियाण्यासाठी सायंकाळी प्रत्येक कळीतील पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावावे लागतात. एवढे कष्टाचे काम शेतावर परवडणार नाही, ही समजूत पटेल यांनी खोटी ठरवली. गुजरात-महाराष्ट्रात संकर-४ झपाट्याने पसरला आणि हजारो मजुरांना, विशेषतः स्त्रियांना, बीजोत्पादनात काम मिळाले.

या वाणाच्या एका जनकाचे नावच अर्थपूर्ण आहे. कापसाच्या पानांवर मधुग्रंथी असतात आणि तिथला गोडवा कीटकांना ओढून घेतो. ‘नेक्टरिलेस’ वाणात या ग्रंथीच नसतात. मात्र हा गुण सुप्त असल्याने पहिल्या पिढीच्या संकरात तो प्रकट होत नाही. पिकाला जोम लाभला, पण कीटकांपासूनचे हे संरक्षण लाभले नाही. पुढे अमेरिकन जातीच्या कापसाचे क्षेत्र वाढत गेले, तशी फवारणीही वाढली.

पटेल यांचे १९९० मध्ये निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी राजस्थानातील श्रीगंगानगर परिसरात अमेरिकन कापसाची पाने आकसवणारा ‘लीफ कर्ल’ विषाणू आढळला. त्याची वाहक पांढरी माशी. विषाणूला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाण्यासाठी कीटकाचे वाहन लागते, आणि अनेक विषाणू त्यासाठी झाडालाच बदलतात. काही विषाणू झाडाची कीडप्रतिकारक रसायने घटवतात. काहींमुळे पिवळी पडलेली पाने माशीला अधिक खुणावतात. अशा रोगट झाडावर वाढलेली माशी विषाणू घेऊन निरोगी झाडाकडे जाते. गोव्यातील बागायतदारांना हा व्यवहार भेंडीवरील केवडा रोगातून परिचित आहे. भेंडी आणि कापूस एकाच जास्वंद कुळातील, आणि केवड्याची वाहकही हीच माशी.

लीफ कर्लचा मोठा फटका उत्तरेकडील राज्यांना बसला. देशी कापसाला मात्र हा रोग होत नाही. सुरत परिसरात पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेली जात त्याच देशी कुळातली. अमेरिकन कापसाच्या लाटेत ती मागे पडली, आणि आज प्रतिकारक्षमतेच्या शोधात संशोधकांना तिच्याकडेच पुन्हा पाहावे लागत आहे. अधिक उत्पादनाची वाट पटेल यांनी दाखवली. त्या वाटेवर देशी बियाणे जपून ठेवणे, हे त्यांच्या वारसदारांचे कर्तव्य ठरते.